घरच्या रुग्णसेवेत टॅब, मोबाईल आणि डिजिटल मशीन : टीमने कोणत्या क्रमाने सुरुवात करायची

लकवा झालेले आबा, खुब्याचं ऑपरेशन झालेली आजी, नाकातल्या जेवणाच्या नळीवर असलेला पेशंट. जळगाव, भुसावळ, धुळे, शहादा या भागात अशा माणसांना दवाखान्यातून सुट्टी मिळाल्यावर घरीच सांभाळायला टीम लावली जाते. टीम म्हणजे दिवसाची मावशी, रात्रीचा ब्रदर, एक दिवसाआड येणारी सिस्टर, फिजिओथेरपिस्ट आणि फोनवर असलेले डॉक्टर. शिवाय सुरतला किंवा पुण्याला नोकरीला असलेला मुलगा. हे सगळे एका खोलीत एकाच वेळी कधीच नसतात. त्यांना जोडून ठेवते ती उशाजवळची वही आणि सकाळी आठला पलंगाशेजारी दिलेला चार्ज, म्हणजे ड्युटी बदलताना पुढच्या माणसाला सांगितलेली पेशंटची हकिगत.

मग घरात टॅब येतो, नवं बीपी मशीन येतं, व्हॉट्सॲप ग्रुप बनतो आणि पहिल्या आठवड्यातच माणसांचं आपसातलं बोलणं कमी होतं. "टाकलंय ना त्यात" म्हणून रात्रीचा माणूस निघून जातो. सिस्टरला आकडे दिसतात, पण आबांना पहाटे दोनदा ठसका लागला हे त्या आकड्यांत नसतं. बहुतेक ठिकाणी चूक एकच असते : मशीन आधी येतं आणि कोणी काय करायचं ते नंतर ठरवलं जातं. म्हणून खालचे टप्पे याच क्रमाने घ्या.

टप्पा १ : काही विकत घेण्याआधी एक कागद

एका कागदावर चार रकाने आखा. काय मोजायचं, दिवसातून किती वेळा, कोण मोजणार, आणि आकडा हद्दीबाहेर गेला तर पहिला फोन कोणाला. बाजारातलं कुठलंही ॲप हा कागद तुमच्यासाठी बनवून देत नाही.

हद्द डॉक्टरांकडून त्या पेशंटपुरती लिहून घ्या. छापील तक्ता सगळ्यांना लावू नका. ऑक्सिजनचंच बघा. बऱ्याच पेशंटना ९४ च्या खाली गेला तर कळवायचं असतं. पण वर्षानुवर्षं विडी ओढलेल्या किंवा चुलीच्या धुरात स्वयंपाक केलेल्या, दम्यासारख्या जुन्या फुप्फुसाच्या आजाराच्या पेशंटला डॉक्टर बहुधा ८८ ते ९२ मध्येच ठेवतात. अशा आजीचा आकडा ९० दिसला म्हणून घाबरून कोणी ऑक्सिजन मशीनचा फ्लो वाढवला, तर तिच्या रक्तात कार्बन डायऑक्साइड साचून ती गुंगीत जाऊ शकते. मशीन बिघडलेलं नसतं, मावशीही निष्काळजी नसते. हद्दच कोणी लिहून दिलेली नसते.

शुगर ७० च्या खाली आली तर काय करायचं, हेही याच कागदावर यायला हवं. पेशंट शुद्धीवर असेल आणि नीट गिळत असेल तर तीन छोटे चमचे साखर पाण्यात विरघळवून द्यायची आणि १५ मिनिटांनी पुन्हा मोजायची. नाकातल्या नळीवरच्या पेशंटला तीच साखर नळीतून कशी द्यायची, ते सिस्टरकडून आधीच शिकून घ्या. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही घालायचं नाही, थेट १०८.

पहिला फोन एकाच माणसाला. ग्रुपवर नऊ जण असतील तर नऊही जण मेसेज बघतात आणि प्रत्येकाला वाटतं की दुसऱ्याने फोन केला असेल. पहिल्याने पाच मिनिटांत उचलला नाही तर दुसरं नाव कोणतं, तेही लिहा. श्वास अडखळतोय, तोंड वाकडं झालंय, छातीत दुखतंय अशा वेळी नावं शोधत बसू नका, १०८ लावा.

इशारा : मावशीला मोजायला सांगितलं म्हणजे औषध कमीजास्त करायला सांगितलेलं नसतं. केंद्र सरकारच्या २५ मार्च २०२० च्या टेलिमेडिसिन मार्गदर्शक सूचनांप्रमाणे आरोग्यसेवक पेशंटचं डॉक्टरांशी फोनवर किंवा व्हिडिओवर बोलणं करून देऊ शकतात, पण औषध लिहिण्याची जबाबदारी नोंदणीकृत डॉक्टरांचीच राहते. इन्शुलिनचा डोस बदलला असेल तर तो डॉक्टरांकडून लेखी मागवा. फोनवर ऐकलेले "फोर्टीन" आणि "फोर्टी" रात्री अकराला सारखेच वाटतात.

तपासून घ्या : टीममधल्या प्रत्येकाला वेगवेगळं गाठून विचारा, "ऑक्सिजन ८५ दिसला तर पहिला फोन कोणाला?" उत्तरं वेगवेगळी आली तर अजून खरेदीला जाऊ नका.

टप्पा २ : साधनं घेताना

एका घरात प्रत्येक प्रकारचं एकच मशीन ठेवा आणि ते पेशंटच्या घरातच राहू द्या. सिस्टरच्या पिशवीतलं बीपी मशीन आणि घरातलं मशीन यांत पाच-सात आकड्यांचा फरक सहज पडतो. मग मावशी म्हणते बीपी वाढलंय, सिस्टर म्हणते नाही, आणि पुढच्या वेळी मावशी कळवायचंच टाळते. सिस्टरने आपलं मशीन घरच्या मशीनशी ताडून बघण्यापुरतं आणावं.

बीपी दंडावर मोजणारं घ्या, मनगटाचं नको. दंडाचा घेर टेपने मोजून मगच पट्टा निवडा. सोबत येणारा साधा पट्टा बहुधा २२ ते ३२ सेंटीमीटर घेरासाठी असतो. जाड दंडाला तो बांधला तर बीपी खऱ्यापेक्षा जास्त दिसतं. नाडी अनियमित असलेल्या पेशंटचं बीपी डिजिटल मशीनवर चुकू शकतं, तिथे अधूनमधून सिस्टरने स्टेथोस्कोप लावून खात्री करावी.

नोंदीसाठी घरात एक साधा, वेगळा मोबाईल किंवा टॅब ठेवा. मावशीच्या स्वतःच्या मोबाईलवर ॲप टाकायला लावू नका. तो मोबाईल तिच्या घरी पोरं खेळायला घेतात, रिचार्ज संपतं, आणि ती कामावरून सुटते तेव्हा पेशंटची सगळी माहिती तिच्यासोबत जाते. ॲप मराठीत चालतं का आणि नेट नसताना नोंद साठवून ठेवतं का, एवढ्या दोन गोष्टी विकत घेण्याआधी दुकानात किंवा डेमोत करून बघा. बाकी सोयी दुय्यम.

टप्पा ३ : ऊन, वीज आणि रेंज

हा टप्पा आपल्याकडे सगळ्यात जास्त टाळला जातो आणि मे महिन्यात सगळं इथेच अडतं.

जळगाव-भुसावळला उन्हाळ्यात पारा ४५ च्या आसपास जातो. शुगरच्या स्ट्रिपची डबी साधारण ३० अंशांच्या आत ठेवायची असते, नेमका आकडा डबीवर छापलेला असतो. ती डबी गाडीच्या डिक्कीत ठेवून सिस्टर दुपारी चार घरं फिरली, की स्ट्रिप खराब. खराब स्ट्रिप बरेचदा एरर दाखवत नाही, चुकीचा आकडा दाखवते आणि टीम त्या आकड्यावर निर्णय घेते. डबी पेशंटच्या घरात, गार कोपऱ्यात, झाकण घट्ट लावून ठेवा. उघडल्याची तारीख स्केच पेनने डबीवरच लिहा, कारण उघडल्यानंतर किती महिने चालते हेही तिच्यावरच छापलेलं असतं.

इन्शुलिनचंही तसंच. न उघडलेलं फ्रिजमध्ये २ ते ८ अंशांत, बर्फाच्या कप्प्यात कधीच नाही. वापरात असलेलं साधारण ३० अंशांच्या आत सुमारे चार आठवडे चालतं, पण मे महिन्यात पत्र्याच्या किंवा स्लॅबखालच्या खोलीत ३० अंश मिळत नाहीत. फ्रिज नसेल तर बंद डबीत घालून पाण्याच्या माठाजवळ ओल्या फडक्यात किंवा माठातच तरंगत ठेवण्याची पद्धत चांगली आहे. डबीत पाणी शिरू देऊ नका.

लाईट गेली की काय बंद पडतं, याची यादी करा. ऑक्सिजन मशीन, हवेची गादी, वाय-फाय, टॅबचं चार्जिंग. ऑक्सिजनवरच्या पेशंटकडे भरलेला सिलिंडर आणि तो उघडायची चावी एकाच जागी असली पाहिजे, आणि रात्रीच्या माणसाने तो स्वतःच्या हाताने एकदा तरी सुरू करून पाहिलेला असला पाहिजे. बीपी मशीनला सेलवर चालवा, जादा सेल त्याच पिशवीत ठेवा. टॅब खिडकीत उन्हाला ठेवू नका, तापला की तो आपोआप बंद पडतो.

रेंज. धडगाव-अक्कलकुव्याच्या डोंगरातल्या पाड्यांवर तर आहेच, पण चोपडा-यावलकडच्या मळ्यातल्या घरांतही आत रेंज नाही आणि बांधावर आहे असं असतं. ॲप नोंद साठवून ठेवतं आणि रेंज आली की पाठवतं. म्हणजे पहाटे तीनला टाकलेला ऑक्सिजनचा ८६ डॉक्टरांना सकाळी नऊला दिसू शकतो. म्हणून नियम असा ठेवा की हद्दीबाहेरचा आकडा ॲपवर टाकून थांबायचं नाही, फोनच करायचा. आणि रेंज कुठे मिळते ती जागा ("मागच्या दारी, हौदाजवळ") टप्पा १ च्या कागदावर लिहा. नवीन आलेल्या माणसाला ती माहीत नसते.

तपासून घ्या : दिवसा एकदा मेन स्विच बंद करा, पण त्याआधी ऑक्सिजनवरच्या पेशंटला सिलिंडर लावून घ्या. दहा मिनिटं टीमने नेहमीचं काम करून बघावं.

टप्पा ४ : मोजायची एकच पद्धत, सगळ्यांनी एकत्र

व्हिडिओ पाठवून शिकवणं पुरत नाही. एक तास सगळ्यांना त्या पेशंटच्या पलंगाजवळ जमवा आणि प्रत्येकाने आळीपाळीने मोजावं.

बीपी : पाच मिनिटं शांत बसवून किंवा आडवं ठेवून. पाठीला टेकण, पाय खाली टेकलेले, दंड छातीच्या उंचीला. अर्ध्या तासात चहा, विडी, तंबाखू नको. मोजताना पेशंटनेही बोलायचं नाही, आपणही नाही. मिनिटभराच्या अंतराने दोनदा. लकव्याच्या पेशंटचं बीपी चांगल्या हातावर घ्या. डायलिसिससाठी नस जोडलेल्या हातावर कधीही पट्टा बांधू नका, त्या मनगटाला सैलसर लाल दोरा किंवा पट्टी बांधून ठेवा, म्हणजे बदली माणसालाही कळेल.

ऑक्सिजन (बोटाला लावायच्या ऑक्सिमीटरने) : नखाला मेंदी किंवा नेलपॉलिश असेल तर दुसरं बोट. लग्नसराईत आजीच्या दहाही बोटांना मेंदी असते, तेव्हा पायाचं बोट किंवा कानाची पाळी, पण कानाला त्यासाठीचाच क्लिप लागतो. हात गार असतील तर चोळून ऊब द्या. आकडा स्थिर व्हायला अर्धा-एक मिनिट लागतं. सावळ्या त्वचेवर हे यंत्र खऱ्यापेक्षा थोडा जास्त आकडा दाखवू शकतं. म्हणून आकडा बरा आणि पेशंट मात्र धापा टाकतोय, असं दिसलं तर पेशंटवर विश्वास ठेवा.

शुगर : हात साबणाने धुवून, पूर्ण कोरडे करून. रावेर-यावलकडे घरात केळीचा घड असतोच. केळं सोललेल्या बोटाला गोडवा चिकटलेला असतो आणि त्याच बोटातून रक्त काढलं तर शुगर उगाच वाढलेली दिसते. आंब्याच्या दिवसांत रसाचंही तेच. बोटाच्या टोकाला न टोचता बाजूला टोचा, तिथे कमी दुखतं. सुई प्रत्येक वेळी नवीन, आणि वापरलेली सुई जाड प्लास्टिकच्या झाकणाच्या बरणीत. केराच्या पिशवीत टाकली तर ती दुसऱ्या दिवशी झाडणाऱ्या बाईच्या हाताला टोचते.

तपासून घ्या : तिघांनी पाठोपाठ मोजलेलं बीपी लिहून बघा. फरक फार आला तर आधी पद्धत बघा, मशीनला दोष नंतर.

टप्पा ५ : नोंद लगेच, आणि शब्दांसकट

मोजलं की तिथेच टाकायचं. संध्याकाळी बसून दिवसभराचे आकडे आठवून भरायचे नाहीत. भरलेले आकडे ओळखू येतात : नाडी चार दिवस ७२ च, बीपी कायम शून्यावर संपणारं. अशा वेळी ओरडू नका. नोंद चुकली म्हणून बोलणी बसायला लागली की माणसं रिकामी जागा ठेवायला घाबरतात आणि काहीतरी भरून टाकतात. "पेशंट झोपला होता, मोजलं नाही" ही पूर्ण आणि चांगली नोंद आहे, असं पहिल्याच दिवशी सगळ्यांसमोर सांगा.

आकड्यासोबत पेशंटचे शब्द जसेच्या तसे. आजी अहिराणीत "जीव घाबरा व्हई ऱ्हायना" म्हणाली तर तेच लिहा. "अस्वस्थ" असा गुळगुळीत शब्द टाकला की डॉक्टरांना त्यातून काही कळत नाही. जी मावशी लिहू शकत नाही तिने बोलून रेकॉर्ड करावं, पण वेळ आणि आकडा सुरुवातीलाच सांगावा, आणि सिस्टरने ते त्याच दिवशी ऐकून नोंदीत उतरवावं. अनुभवी मावशीला लिहिता येत नाही म्हणून तिचं निरीक्षण टीमबाहेर राहू नये. पेशंटजवळ सगळ्यात जास्त तास तीच असते.

प्रत्येकाचं लॉगिन वेगळं. एकाच पासवर्डवर सगळे चालले की मावशीने मोजलेलं सिस्टरच्या नावावर पडतं, आणि शंका आली तर विचारायचं कोणाला हे कळत नाही.

टप्पा ६ : चार्ज तोंडीच द्यायचा

माझ्या मते सगळ्या टप्प्यांत हा सगळ्यात महत्त्वाचा. टॅब आल्यावर तोंडी चार्ज बंद करू नका. त्याची वेळ ठरवा, दहा मिनिटं दोन ड्युट्यांमध्ये ठेवा, आणि त्या दहा मिनिटांचे पैसे दोघांनाही द्या. पैसे न दिलेल्या वेळेत कोणी थांबत नाही, आणि थांबावं अशी अपेक्षाही करू नये.

चार्ज पेशंटच्या पलंगाजवळ, टॅब हातात घेऊन. चार गोष्टी, याच क्रमाने : काय झालं, मी काय पाहिलं आणि मोजलं, मी काय केलं, आता तुम्ही काय करायचं. ऐकणाऱ्याने शेवटची गोष्ट स्वतःच्या तोंडाने परत म्हणायची. असा :

"मावशी, आबांना तीन वाजता ठसका लागला, पाणी नाकातून आलं. तेव्हा ऑक्सिजन ९१ होता, डोक्याकडची बाजू उंच केल्यावर ९५ झाला. ताप नाही. सव्वातीनला सिस्टरला फोन केला. त्या म्हणाल्या, मी येईपर्यंत तोंडाने काही देऊ नका. चहा दिलेला नाही."

"म्हणजे सिस्टर येईपर्यंत तोंडाने काहीच नाही. सकाळच्या गोळ्यासुद्धा नाही का भाऊ?"

"गोळ्यांचं विचारायचं राहिलं. थांबा, आत्ताच लावतो फोन."

टॅबमध्ये ९१ आणि ९५ दोन्ही होते. गोळ्यांचा प्रश्न तिथे नव्हता, तो मावशीने परत म्हणताना निघाला. यासाठीच ही दहा मिनिटं.

इशारा : पेशंट समोर असताना त्याच्याविषयी बोलताय हे लक्षात ठेवा. आबांनाही विचारा, "बरोबर ना आबा, काही राहिलं का?"

टप्पा ७ : वही आणि टॅब, दोन आठवडे सोबत

पहिले दोन आठवडे दोन्हीकडे लिहा. रोज रात्री एका माणसाने दोन्ही ताडून बघायचे. फरक कमी झाला की तारीख जाहीर करून वही थांबवा. दोन्ही कायमच्या चालू ठेवल्या तर कोणीतरी वहीत बघतो, कोणीतरी टॅबमध्ये, आणि एकच गोळी दोनदा दिली जाते. औषधांचा तक्ता मात्र भिंतीवर कागदाचाच राहू द्या, टॅब बंद पडला तरी तो दिसतो. औषध बदललं की टॅब आणि भिंतीवरचा तक्ता एकाच माणसाने, एकाच वेळी बदलायचे, जुना कागद फाडून.

टप्पा ८ : ग्रुप, फोटो, कॅमेरा आणि बाहेरगावचा मुलगा

व्हॉट्सॲप ग्रुप निरोपासाठी ठीक, नोंदीसाठी नाही. "गुड मॉर्निंग"च्या खाली कालची शुगर सापडत नाही.

बेडसोरचा (पडून राहून झालेल्या जखमेचा) फोटो घ्यायचा तर जखमेचाच, शेजारी मोजपट्टी धरून, तारखेसह. चेहरा किंवा उघडं अंग येता कामा नये. पेशंटची, आणि त्याला सांगता येत नसेल तर घरच्यांची, परवानगी आधी. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा अशी माहिती वापरण्याआधी संमती मागतो. पण कायदा नसता तरी आजीच्या पाठीचा फोटो कोणाच्या मोबाईलच्या गॅलरीत पडून राहणं योग्य नाहीच. मीडिया आपोआप सेव्ह होण्याची सेटिंग बंद करा.

सुरतच्या मुलाला ॲपमधला प्रत्येक आकडा उघडा दिला की तो बीपी १४८ बघून रात्री मावशीला फोन करतो आणि मावशी गोंधळते. त्याची काळजी खरी असते, म्हणून त्याला आकड्यांऐवजी माणूस द्या : रोज ठरलेल्या वेळी सिस्टरचा किंवा टीम सांभाळणाऱ्याचा पाच मिनिटांचा फोन. सूचना द्यायच्या त्या त्याने त्याच फोनवर द्याव्यात, थेट मावशीला नाही.

खोलीत कॅमेरा बसवणार असाल तर तो बसवण्याआधी टीमला सांगा, कुठे रोखलेला आहे ते दाखवा, आणि अंघोळ-डायपरच्या वेळी बंद ठेवा. लपून बसवलेला कॅमेरा सापडला की चांगली मावशी काम सोडते, आणि राहणारे लोक कॅमेऱ्यासमोर दिसेल तेवढंच करतात.

टप्पा ९ : आठवड्याला एकदा, आणि कोणी सोडून गेलं तर

आठवड्याला पंधरा मिनिटं फोनवर सगळे एकत्र या. दोनच प्रश्न : कुठला फोन उशिरा लागला, आणि कुठली नोंद कोणी वाचलीच नाही. जी नोंद कोणी वाचत नाही ती घेणं बंद करा.

माणूस काम सोडतो त्याच दिवशी : त्याचं लॉगिन बंद, ग्रुपमधून बाहेर, घरच्या मोबाईलचा पिन बदललेला, आणि त्याच्या मोबाईलमध्ये पेशंटचे फोटो असतील तर ते त्याच्यासमोर, त्याच्याच हाताने काढून टाकलेले. त्याच्या जागी येणाऱ्याला टप्पा १ चा कागद हातात द्या, टप्पा ४ मधली तिन्ही मोजमापं सिस्टरसमोर करायला लावा, आणि पहिली ड्युटी जुन्या माणसासोबत ठेवा. कागदावरचं नाव आणि फोन नंबर बदलायला विसरू नका. पहिल्या फोनाच्या रकान्यात गेलेल्या माणसाचं नाव तसंच राहिलेलं नाही ना, ते नवीन माणूस कामावर येण्याआधी बघून घ्या.